पाचटाचा धूर आणि उन्हाळी बागाईत

होळी मागे पडली की नीरा खोऱ्यातील हवा पालटू लागते. पहाटेचा गारवा पंधरा दिवसांत ओसरतो, दुपारी गाडीवाटेची धूळ उठू लागते, आणि चैत्र उजाडेपर्यंत बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या तालुक्यांत दुपारचे तापमान ३८ ते ४० अंश सेल्सियसपर्यंत जाऊन पोहोचते. साखर कारखान्यांचे गाळप याच सुमारास संपत आलेले असते. अखेरचे फड तुटतात, उसाची वाहने निघून जातात, आणि रानात पाचटाचा जाड थर तेवढा मागे राहतो. मग एखाद्या सायंकाळी त्याला काडी लावली जाते. कालव्याच्या पुलावरून पाहणाऱ्यास अशा वेळी क्षितिजावर तीन-चार ठिकाणी धुराचे लोट एकदम दिसतात.

त्याच आठवड्यात, त्याच गावात, परसातील दोडक्याचा वेल दुपारी मान टाकून उभा असतो. त्याला एक दिवसाआड पाणी घातले तरी ते कोठे जाते हे घरच्या मंडळींस उमगत नाही. वेलाच्या बुडाशी ओल राखण्यास जी वस्तू उपयोगी पडली असती, तीच वस्तू पलीकडच्या रानात जळून जात असते. धूर, ऊन आणि उन्हाळी लागवड या तीन गोष्टींचा हा संबंध शेतकरी बंधुभगिनींच्या व गावोगाव काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या ध्यानी यावा, म्हणून हा लेख लिहिला आहे.

हवेचा दिनक्रम

या दिवसांत हवेचा एक ठरावीक दिनक्रम असतो, तो प्रथम समजून घेतला पाहिजे. चैत्र-वैशाखात आकाश बहुधा निरभ्र असते. मे महिन्याच्या मध्यास तर सूर्य या भागात भर दुपारी अगदी माथ्यावर येतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता निरभ्र आकाशाकडे सोडून देते व लवकर निवते. तिला लागून असलेली हवाही निवते. तिच्या वरची हवा मात्र काही काळ उबदारच राहते. थंड हवा जड असल्यामुळे ती खालीच बसून राहते, आणि वरच्या उबदार हवेचे तिच्यावर जणू झाकण पडते. या झाकणाखाली जे जे सोडावे ते तेथेच कोंडून राहते. सकाळी ऊन चढले, जमीन पुन्हा तापली, की खालची हवा वर उठू लागते व हे झाकण मोडते. दुपारी हवेची ही घुसळण दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत जाते.

आता पाचट केव्हा पेटवतात ते पाहावे. दुपारी वारा असतो, जाळ शेजारच्या रानात जाण्याचे भय असते, म्हणून शहाणा शेतकरी वारा पडण्याची वाट पाहतो व दिवस मावळताना काडी लावतो. आग आवरण्याच्या दृष्टीने त्याचा विचार बरोबर आहे. परंतु वारा पडण्याची वेळ आणि हवेवर झाकण पडण्याची वेळ एकच असते. त्यामुळे सायंकाळी उठलेला धूर वर न जाता ओढ्या-ओघळींच्या सखल भागात उतरतो आणि पहाटेपर्यंत गावावर रेंगाळतो. उन्हाळ्यात उकाड्यामुळे माणसे अंगणात, गच्चीवर निजतात. लहान मुले व म्हातारी माणसेही तेथेच असतात. वर्षातील ज्या रात्री घरातील सगळे उघड्यावर झोपतात, नेमक्या त्याच रात्री हवा सर्वांत अधिक धुरकट असावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

धुरातील सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसत नाही. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असे हे कण माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे पंचविसाव्या ते तिसाव्या हिश्शाइतके बारीक असतात. ते नाकात किंवा घशात अडकून राहत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. अशा कणांसाठी २००९ च्या राष्ट्रीय मानकाने चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम अशी ठरविली आहे. २०१५ पासून शहरांत हवेचा निर्देशांक प्रसिद्ध होऊ लागला. त्यात ५० पर्यंतची हवा चांगली, १०० पर्यंतची समाधानकारक, आणि २०० च्या वर गेल्यास वाईट समजली जाते. खेड्यात असे यंत्र क्वचितच असते. म्हणून खेड्यातील हवा स्वच्छच असणार असे धरून चालण्याची आपणांस सवय लागली आहे. चूल, वीटभट्टी, उकिरड्यावर पेटविलेला कचरा, वाहनांची वर्दळ यांचाही धुरात वाटा असतो, आणि सारा दोष पाचटाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. परंतु हंगामाच्या अखेरीस एकाच आठवड्यात अनेक फड पेटले म्हणजे त्यांचा धूर बाकी सर्वांवर मात करतो.

यंत्र नसले तरी कार्यकर्त्याला साध्या खुणांवरून अंदाज बांधता येतो. दूरचा डोंगर किंवा देवळाचा कळस पहाटे दिसेनासा झाला, धूसरपणात निळसर-करडी झाक असली व वास येत असला, तर तो धूर होय. तोच डोंगर सकाळी स्पष्ट असून दुपारी वाऱ्याबरोबर तपकिरी धूसरपणात हरवला, तर ती धूळ समजावी. धुळीस तोंडावर पंचा किंवा ओढणी बांधल्याने काहीसा अटकाव होतो. धुरातील बारीक कण मात्र कापडातून, ओल्या कापडातूनही, सहज आरपार जातात. म्हणून दमेकरी, गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांना अशा रात्री घरात, धुराच्या दिशेची खिडकी बंद करून निजविणे हाच उपाय आहे.

पानांवरील खुणा

हवेचा परिणाम बागेवरही होतो. मात्र पानावरचा प्रत्येक डाग उन्हाचा किंवा प्रत्येक डाग किडीचा असे समजून औषध मारीत सुटणे खर्चाचे ठरते. पान आधी उलटून पाहावे. रस्त्याकडेच्या वांगी, भेंडीच्या पानांवर धुळीचा थर बसला की लाल कोळी जोर धरतो. पानाच्या खालच्या बाजूस बारीक जाळी व हलणारे ठिपके दिसतात. वरून पान फिकट, पांढुरक्या ठिपक्यांचे होते. अशा वेळी सकाळच्या प्रहरी पाने खालच्या बाजूने पाण्याने धुऊन काढल्यास कोळी पुष्कळ कमी होतो, आणि पहिला उपाय म्हणून तोच करावा.

पानाखाली काही नसेल, आणि जुन्या पानांवर वरच्या बाजूस शिरांच्या मधोमध तांबूस किंवा तपकिरी बारीक टिपके उमटले असतील, तर कारण हवेत असू शकते. वाहनांचा व जळणाचा धूर कडक उन्हात तापला की त्यातील वायूंची एकमेकांवर क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन हा वायू तयार होतो. आकाशात उंचावर तो आपले रक्षण करतो. पण जमिनीलगत तो पानांच्या छिद्रांतून आत शिरून पेशी जाळतो. घेवडा, पालक, बटाटा ही पिके त्यास लवकर बळी पडतात. शहराच्या जवळपास व मोठ्या रस्त्यांलगत हा प्रकार उन्हाळ्यात अधिक संभवतो. यावर फवारणी करून उपयोग नाही. तिसरी खूण उन्हाची: मिरची, टोमॅटो, डाळिंब यांच्या फळांवर नैर्ऋत्येच्या, म्हणजे दुपारनंतरच्या उन्हाच्या बाजूसच पांढरट, कागदासारखा चट्टा पडतो. तेथे सावली करणे हा उपाय आहे.

उघडी जमीन किती तापते

पुण्यात १९३२ साली भारतीय हवामान खात्याची कृषी हवामानशास्त्र शाखा सुरू झाली. तिचे प्रमुख डॉ. एल. ए. रामदास व त्यांचे सहकारी यांनी तेथील काळ्या जमिनीच्या तापमानाची चिकाटीने मोजमापे केली. उन्हाळ्यात भर दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही वर तापतो, असे अशा मोजमापांतून दिसून आले. सावलीतील हवा ४० अंश असताना रोपाचा कोवळा देठ जेथे जमिनीतून वर येतो, तेथे त्याला किती चटका बसत असेल याची यावरून कल्पना येईल. वैशाखात लावलेले रोप पाणी असूनही मरते ते पुष्कळदा या चटक्यामुळेच. त्याच शास्त्रज्ञांनी काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा अगदी पातळ थर पसरून पाहिला; तेवढ्यानेही जमिनीचे तापमान बरेच उतरले. सांगण्याचा मुद्दा असा की, जमिनीचा पृष्ठभाग झाकणे किंवा त्याचा रंग बदलणे या साध्या उपायाने बागेची हवा आपणांस बदलता येते. वरच्या हवेवर आपली सत्ता चालत नसली तरी मुळांच्या भोवतालच्या चार बोटे हवेवर व मातीवर ती निश्चित चालते.

पाण्याचा हिशेबही करून पाहावा. एप्रिल-मे महिन्यांत दख्खनच्या पठारावर उघड्या भांड्यातील पाणी दिवसाला १० मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक आटते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर. एवढ्या जागेवर १० मिलिमीटर पाणी म्हणजे १,००० लिटर, म्हणजेच २०० लिटरची पाच पिंपे झाली. ओल्या, उघड्या वाफ्यातून पाणी घातल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत पाणी जवळजवळ याच वेगाने उडते. दिवसाआड पाणी घालणाऱ्याच्या पाण्याचा मोठा भाग असा सूर्यालाच अर्पण होतो. नीरेच्या खोऱ्यात वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि कालव्याची उन्हाळी पाळी केव्हा लांबेल याचा नेम नसतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही पाच पिंपे किती मोलाची आहेत ते निराळे सांगावयास नको.

पाचटाचा हिशेब

एक एकर उसाच्या तोडणीनंतर तीन ते चार टन पाचट मागे राहते. वाफ्यावर साधारण चार बोटे जाडीचा थर देण्यास चौरस मीटरला सुमारे एक किलो पाचट पुरते. म्हणजे दोन गुंठ्यांच्या परसबागेस २०० किलो, फार तर २५० किलो पाचट झाले. चार टनांच्या ढिगातून एवढे उचलल्याचे कळणारही नाही. ज्यांच्या घरी ऊस नाही अशांनाही शेजाऱ्याच्या बांधावरून ते सहज मिळू शकते. त्याला तरी ते नकोच असते.

पाचट जाळल्याने काय जाते, तेही पाहू. त्यात नत्राचे प्रमाण सुमारे ०.४ ते ०.५ टक्के असते. चार टन पाचटात अशा रीतीने १६ ते २० किलो नत्र असते, म्हणजे ४५ किलोंच्या युरियाच्या जवळजवळ एका पोत्याइतके. ते नत्र व सारा सेंद्रिय कर्ब जाळात हवेत उडून जातो. पालाश राखेत राहतो हे खरे. पण वैशाखातील दुपारचा वारा ती राख कोणाच्या रानात नेऊन टाकतो हे कोणीही सांगू शकणार नाही. याशिवाय वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू भाजून निघतात, बांधावरची झाडे होरपळतात, आणि आग पसरून शेजारचा उभा ऊस, ठिबकच्या नळ्या, कडब्याची गंज किंवा गोठा पेटल्याच्या बातम्या दरवर्षी वाचावयास मिळतात. अशा एका आगीत दोन भावांच्या घरांत कायमचे वैर आल्याची उदाहरणेही खेड्यात नवी नाहीत.

आच्छादन करताना काही गोष्टी पाळाव्यात. वाफ्यास प्रथम भरपूर पाणी द्यावे, वाफसा आल्यावर खुरपून घ्यावे, आणि मग पाचट पसरावे. कोरड्या जमिनीवर पसरलेले पाचट कोरडेपणच राखते. बुंध्याभोवती वीतभर जागा मोकळी ठेवावी, नाही तर देठ कुजतो. वाळवीचा उपद्रव असलेल्या जमिनीत आठवड्यातून एकदा पाचट उचलून पाहावे. पाचट मातीत मिसळू नये, वरच ठेवावे; मिसळल्यास ते कुजताना जमिनीतील नत्र काही काळ स्वतःकडे ओढून घेते व रोपे पिवळी पडतात. एक धोका मात्र उघड सांगितला पाहिजे: कोरडे पाचट हे जळणच आहे. चूल, बंब किंवा देवापुढील दिवा यांच्यालगत ते पसरू नये.

शेतकऱ्यांच्या अडचणी

पाचट जाळू नका असे सांगणे सोपे आहे. तेवढे सांगून परत फिरणाऱ्या कार्यकर्त्याचे कोणी ऐकत नाही, आणि त्यात शेतकऱ्याचा दोष नाही. त्याच्या अडचणी खऱ्या आहेत. खोडवा ठेवणारा म्हणतो, पाचटाखाली बुडखे दबले तर फुटवा येत नाही. हे बरोबर आहे. म्हणून सगळे पाचट आहे तसे न ठेवता बुडख्यांवरून ओढून सरीत दाबावे व बुडखे उघडे करावेत. धारदार कोयत्याने बुडखे जमिनीलगत छाटावेत. त्यानंतर दर टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू खत पाचटावर पसरून पाणी द्यावे. दुसरा म्हणतो, पाचट असताना खत कसे देऊ? त्यासाठी पहारीची रीत आहे. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोक पाडून त्यात खत घालावे व माती दाबावी. या रीतीने दिलेले खत उघड्यावर फेकलेल्या खताप्रमाणे उडून किंवा वाहून जात नाही. ती प्रत्यक्ष पाहावयाची असल्यास १९३२ पासून चालू असलेले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र याच खोऱ्यात आहे.

तिसरी अडचण मजुरीची, आणि ती सर्वांत अवघड. सरीत पाचट दाबण्यास माणसे लागतात. तोडणीची टोळी तर पुढच्या फडात गेलेली असते. ट्रॅक्टरवर चालणारे पाचट बारीक करणारे यंत्र गटाने भाड्याने आणले तर एकेका शेतकऱ्यावरचा भार हलका होतो. तेही शक्य नसल्यास निदान एक सरी सोडून एका सरीत पाचट ओढावे. उंदीर व साप यांचे भयही लोक बोलून दाखवितात. ते अगदीच निराधार नाही. घराला लागून ढीग करू नये, आणि पाचट हाताळताना हातात दाताळे व पायांत बूट असावेत.

नव्या लागणीसाठी रान मोकळेच हवे असेल, तर बांधाच्या कोपऱ्यात पाचट खड्ड्यात कुजत घालावे. मात्र काणी किंवा गवताळ वाढ या रोगांची बेटे दिसली तर ती मुळासकट उपटून वेगळी नष्ट करावीत; त्यांच्या बाबतीत दयामाया नको.

राब आणि उन्हाची भट्टी

याच नीरेच्या उगमाकडे, भोर तालुक्यातील भातखाचरांत, या दिवसांत निराळा धूर दिसतो. तेथे रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, गवत, शेण व झाडांच्या टहाळ्या यांचा थर देऊन तो जाळतात. हा राब होय. कोकणातही ही चाल फार जुनी आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे तत्कालीन प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांनी १९१२ च्या सुमारास राबाचा सविस्तर अभ्यास केला होता. राबाचा गुण राखेत आहे तसाच जमीन भाजली जाण्यातही आहे: तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते, व रोपे जोमाने वाढतात. ज्यांनी ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालविली ते अडाणी नव्हते. आज मात्र तेच भाजण्याचे काम आग न लावता उन्हाकडून करवून घेता येते, आणि भाजीपाल्याच्या रोपवाटिकेला तर ही रीत फारच उपयोगी आहे.

एप्रिलच्या मध्यास गादीवाफे तयार करावेत. साधारण ३ मीटर लांब, १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच असा वाफा सोयीचा पडतो. ढेकळे फोडून माती सारखी करावी आणि पाणी द्यावे. ओल्या मातीत उष्णता खोलवर जाते. नंतर २५ मायक्रॉन जाडीचे पारदर्शक प्लॅस्टिक वाफ्यावर ताणून त्याच्या कडा मातीत घट्ट गाडाव्यात. प्लॅस्टिक पारदर्शकच हवे; काळ्या प्लॅस्टिकने हे काम तितके साधत नाही. चार ते सहा आठवडे ते तसेच राहू द्यावे. आतील माती शेजारच्या उघड्या मातीपेक्षा सुमारे दहा अंशांनी अधिक तापते. बहुतेक तणांचे बी व रोपे कोलमडविणाऱ्या बुरशीचा पुष्कळ भाग नाश पावतो. लव्हाळा मात्र याला दाद देत नाही, त्याच्या गाठी आधीच वेचून काढाव्यात. प्लॅस्टिक काढल्यावर वाफा खोल खणू नये, नाही तर खालचे तण पुन्हा वर येते. काढलेले प्लॅस्टिक धुऊन, गुंडाळून पुढील वर्षासाठी ठेवावे. फाटके झाले तरी ते पेटवू नये. त्याचा धूर पाचटाच्या धुराहून कितीतरी वाईट असतो.

मेच्या अखेरीस अशा वाफ्यावर मिरची, वांगी, टोमॅटो यांचे बी ओळीत पेरावे, वर पाचटाचा पातळ थर द्यावा व झारीने पाणी घालावे. कोंब वर दिसू लागताच त्याच दिवशी सायंकाळी पाचट काढून घ्यावे. एक-दोन दिवसांचा उशीर झाला तरी रोपे लांबट, पांढरी व दुबळी होतात.

आता काय लावावे, काय थांबवावे

फाल्गुनात पेरलेली भेंडी, गवार, चवळी उन्हाला तोंड देतात. दोडका, कारले, दुधी, काकडी यांचे वेल माघ-फाल्गुनात लागले असतील तर ठीक. चैत्र उलटल्यावर लावलेल्या वेलांना उष्म्यामुळे नरफुलेच अधिक येतात आणि फळे थोडी धरतात. रात्रीचे तापमान २२-२३ अंशांच्या वर राहू लागले की टोमॅटोची फळधारणा मंदावते; मग कितीही खत घातले तरी फुले गळतात. त्या पैशाची बचत करावी. हळद व आले यांची लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू करण्याची चाल आहे, आणि या पिकांना तर पाचटाचे आच्छादन विशेष मानवते. मोरीच्या सांडपाण्यावरील केळ व आळू यांच्या बुडाशीही ते द्यावे. पश्चिमेच्या गरम वाऱ्याला आडोसा म्हणून बागेच्या त्या अंगास शेवरी किंवा हादगा लावावा. यंदा ते झाले नसेल तर तुराट्यांचा कूड घालून काम भागवावे.

आंबा, चिंच, जांभूळ अशा फळझाडांसाठी खड्डे घेण्याचा मात्र हाच काळ. आंब्याच्या कलमास १ मीटर लांब, तितकाच रुंद व खोल खड्डा घ्यावा, वरची व खालची माती वेगवेगळी ठेवावी, आणि खड्डा तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यावा. मेच्या अखेरीस तळाशी कुजलेले पाचट, त्यावर वरच्या थरातील माती, दोन-तीन घमेली शेणखत व दोन किलो सुपर फॉस्फेट घालून तो भरावा. माती दबते म्हणून ती कडेपेक्षा वीतभर उंच ठेवावी.

पुढे वळीव येतो. एका दुपारी ढग दाटतात, धुळीची वावटळ उठते, पाऊण तास पाणी कोसळते, आणि हवा एकाएकी स्वच्छ होते. सारी धूळ व धूर खाली बसतो, दूरचा डोंगर हाकेच्या अंतरावर आल्यासारखा वाटतो. याच दिवशी कलमे आणून लावण्याचा मोह अनेकांना होतो. त्या सायंकाळी खुरप्याने जमीन उकरून पाहावी: ओल बहुधा चार बोटेच गेलेली असते, आणि तिच्या खाली माती अजून तव्यासारखी गरम असते. दुसऱ्या दिवसापासून ऊन पूर्वीसारखेच तापते व कलम होरपळते. मृगाचा पाऊस सुरू होऊन एकंदर ७५ ते १०० मिलिमीटर पडला, ओल हातभर खोल गेली, म्हणजे मगच लावावे. कृषी विद्यापीठांच्या हवामान सल्ला केंद्रांतून दर मंगळवारी व शुक्रवारी पुढील काही दिवसांचा अंदाज प्रसिद्ध होतो. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून लावण्याचे काम कार्यकर्त्याने आपल्याकडे घ्यावे. गावात धूर कोंडण्याजोगी शांत, निरभ्र रात्र येणार असेल, तर तेही त्याच फळ्यावर लिहावे.